सहावी ते आठवीच्या मुलांची ध्येयं: नव्या वर्गशिक्षकांसाठी पायरीपायरीने

यंदा पहिल्यांदाच सहावी, सातवी किंवा आठवीचा वर्ग हातात आला असेल, तर महिनाभरात कुणीतरी सुचवेलच, ‘मुलांकडून या वर्षीची ध्येयं लिहून घ्या.’ तुम्ही कागद वाटाल. बहुतेक कागदांवर ‘मी खूप अभ्यास करीन, आईवडिलांचं नाव मोठं करीन, मोबाइल बघणार नाही’ असं येईल. काहींवर डॉक्टर, पोलीस, क्रिकेटपटू. मग ते कागद कपाटात जातील आणि वर्ष संपेपर्यंत तिथेच राहतील. यात मुलं खोटं बोलत नसतात. प्रश्न परीक्षेसारखा आला, म्हणून त्यांनी गुण मिळतील असं उत्तर दिलं, इतकंच.

पुण्यातल्या मराठी शाळांमध्ये मी या वयाच्या मुलांना बरीच वर्षं शिकवते आहे, आधी पेठेतल्या शाळेत आणि आता वस्तीजवळच्या. दोन्हीकडे एकच गोष्ट पटली: आधी मागे वळून बघायची सवय लावायची, ध्येय नंतर. ज्या मुलाला आपला गेला आठवडा नीट सांगता येत नाही, त्याने लिहिलेलं ध्येय उसनंच असणार. खालची सगळी मांडणी या एका गोष्टीभोवती आहे.

आणखी एक लक्षात ठेवा. अकरा ते चौदा या वयात मुलं स्वतःच्या विचारांकडे थोडं लांबून बघायला शिकत असतात, म्हणून हे काम सुरू करायला हे वय फार चांगलं. पण पुढचं आखणं आणि मोह आवरणं ज्याच्यावर अवलंबून असतं तो मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाकडून वर्षभराची योजना मागू नका. तीन आठवडे त्याला दिसतात, वर्ष दिसत नाही.

१. सुरू करण्याआधी हे जमवा

- प्रत्येक मुलासाठी एक शंभरपानी एकरेघी वही. अप्पा बळवंत चौकात डझनाच्या भावाने घेतल्या तर स्वस्त पडतात. पालकांना आणायला सांगितलं तर काहींच्या वह्या येतच नाहीत आणि ती मुलं पहिल्याच दिवशी मागे पडतात. शक्य असेल तर शाळेतून किंवा एखाद्या माजी विद्यार्थ्याकडून एकत्र घ्या.
- वह्या ठेवायला कुलूप लागणारं कपाट किंवा पेटी. हे फार महत्त्वाचं आहे. वही बाकावर राहिली की शेजारचा वाचणार, आणि मग कुणीच खरं लिहिणार नाही.
- तुमची स्वतःची एक छोटी वही, मुलांशी झालेलं बोलणं टिपायला.
- मुख्याध्यापकांची परवानगी आणि आठवड्यातली एक ठरलेली वेळ.
- पालकांना चार ओळींचं पत्र: वही कशासाठी आहे, तिला गुण नाहीत, वर्षभर ती शाळेतच राहील.
- शाळेच्या समुपदेशकांचा नंबर. समुपदेशक नसतील तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही नंबर वहीच्या पहिल्या पानावर मुलांकडूनच लिहून घ्या.

परवानगी मागताना ‘आणखी एक उपक्रम’ असं म्हणू नका. आधीच शाळांवर उपक्रमांचा भार आहे. मुख्याध्यापकांना दोन गोष्टी सांगा. पहिली, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रगतीपत्रकात मुलाने स्वतःचं केलेलं मूल्यमापन आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापन असावं असं स्पष्ट म्हटलं आहे. दुसरी, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आपल्याला लिहाव्याच लागतात: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. सत्राच्या शेवटी त्या नोंदी एकमेकांच्या रजिस्टरवरून उतरवल्या जातात हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. या वहीमुळे प्रत्येक मुलाबद्दल तुमच्याकडे खरं काहीतरी लिहिण्यासारखं असेल.

२. वेळापत्रकात जागा शोधा

आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं. त्याहून जास्त नको. वर्गशिक्षकाचा तास असेल तर तो, नाहीतर शनिवार. पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आहेच, त्यात हे सहज बसतं.

जूनमध्ये सुरू करू नका. शाळा उघडते, पुस्तकं वाटली जातात, पालखी येते, नवे प्रवेश चालूच असतात. जुलैचा पहिला आठवडा बरा. गणपतीच्या दहा दिवसांत आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात वही काढायची नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा आणि स्नेहसंमेलन संपल्यानंतरचा आठवडा मात्र सोडू नका. त्या दोन वेळी मुलांना नव्याने काही ठरवावंसं आपोआप वाटत असतं.

३. पहिला महिना फक्त मागे वळून बघायचं

या महिन्यात ‘ध्येय’ हा शब्दही काढू नका. आठवड्याला एक प्रश्न, पाच-सात ओळींचं उत्तर. प्रश्न असा हवा की त्याचं आदर्श उत्तरच नसेल. ‘या आठवड्यात तू काय शिकलास?’ असं विचारलंत तर ‘मी खूप काही शिकलो’ येईल. त्याऐवजी हे विचारून बघा:

- कुठल्या गोष्टीला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला?
- कुठल्या तासाला घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही? तेव्हा नेमकं काय चाललं होतं?
- कुणाची मदत घेतलीस? मागितलीस, की आपणहून मिळाली?
- गेल्या महिन्यात जमत नव्हतं आणि आता थोडं जमतं असं काय आहे? शाळेबाहेरचंही चालेल.
- काय करायचं टाळलंस? त्या वेळात काय केलंस?

‘का’ने सुरू होणारे प्रश्न पहिल्या महिन्यात टाळाच. ‘अभ्यास का नाही केलास?’ हे मुलांनी रागातच ऐकलेलं असतं, त्यामुळे ‘का’ ऐकलं की ती सबब शोधतात. ‘काय झालं’, ‘कधी’, ‘तेव्हा कोण होतं’ असं विचारलं की प्रसंग सांगतात. आपल्याला प्रसंगच हवा आहे.

पहिल्या दिवशी तुम्हीही फळ्यावर तुमचं उत्तर लिहा, आणि खरं लिहा. ‘वह्या तपासायला दोन संध्याकाळी लागतील असं वाटलं होतं, चार लागल्या, कारण निबंध शेवटी ठेवले.’ मोठी माणसंसुद्धा असं बघतात हे बहुतेक मुलांना ठाऊक नसतं. तुमच्या उत्तराची लांबी आणि सूर बघूनच ती लिहितात.

लाल पेन बाजूला ठेवा. या वहीत ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं नाही, अक्षराला शेरा द्यायचा नाही, तारे आणि ‘छान’ही नको. गुण दिसले की मूल बाकी शेरा वाचतच नाही. हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलंय. रुथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासातही नुसता लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली, तर अभिप्रायासोबत गुणही मिळालेल्यांची तशी सुधारली नाही. तुम्हाला वहीत काही लिहायचंच असेल तर एक प्रश्न लिहा: ‘मग पुढे काय झालं?’ पुढच्या आठवड्यात त्याचं उत्तर येतं की नाही बघा. बहुतेक वेळा येतं.

भाषेची सक्ती नको. पुण्यातल्या कुठल्याही मराठी शाळेत घरी हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा वडारी बोलणारी मुलं असतात. मनातलं ज्या भाषेत येतं त्यात लिहू दे. ज्याला लिहायलाच जड जातं त्याला दिवसाचं वर्तुळ काढू द्या: चोवीस तासांचे चोवीस भाग आणि प्रत्येक भागात काय चालतं त्याचं चित्र किंवा एखादा शब्द. हे वर्तुळ खरं तर सगळ्यांकडूनच एकदा काढून घ्या. सातवीतल्या एका मुलीच्या वर्तुळात सकाळी पाणी भरणं, शाळा, धाकट्या भावाला बालवाडीतून आणणं, भाकरी आणि भांडी एवढं सगळं होतं. रात्री आठ ते साडेआठ एवढा अर्धाच भाग तिने कोरा ठेवला होता. तिला ‘रोज दोन तास अभ्यास करीन’ असं लिहायला लावलं असतं तर ती पहिल्याच दिवशी नापास झाली असती. तिचं पुढचं सगळं ठरवणं त्या अर्ध्या तासात बसवलं, आणि ते बसलं.

दुमडलेल्या पानाचा नियम पहिल्याच दिवशी सांगा: पान मधोमध दुमडलं असेल तर बाई ते वाचणार नाहीत. आणि तो खरोखर पाळा. त्याच दमात हेही सांगा: ‘तुम्हाला कुणी इजा करत असेल किंवा तुम्हालाच स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर ते पान दुमडू नका. मला सांगा. मग मी ते फक्त माझ्याजवळ ठेवणार नाही, मदत करू शकेल अशा माणसाला सांगीन.’ हे आधीच सांगितलेलं असलं की पुढे मुलाला फसवल्यासारखं वाटत नाही.

४. घटक चाचणीचा पेपर मिळाला की एक पूर्ण तास द्या

मागे बघायची सवय अभ्यासाशी जोडायला याहून चांगली वेळ नाही, आणि हीच वेळ आपण सगळ्यांत जास्त वाया घालवतो. पेपर वाटतो, बेरीज बघून घ्या म्हणतो, पालकांची सही आणा म्हणतो आणि पुढचा धडा काढतो.

त्याऐवजी मुलांना गेलेला प्रत्येक गुण शोधायला लावा. समासात चारपैकी एक अक्षर लिहायचं: ‘न’ म्हणजे येतच नव्हतं, ‘घ’ म्हणजे येत होतं पण घाईत चुकलं, ‘प्र’ म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही, ‘वे’ म्हणजे वेळ पुरला नाही. मग कुठलं अक्षर किती वेळा आलं ते मोजायचं.

वर्गात एकदम शांतता पसरते, कारण प्रत्येकाला स्वतःबद्दल काहीतरी नवं कळत असतं. ‘मला गणित येत नाही’ असं म्हणणाऱ्या मुलाचे अर्धे गुण ऋण चिन्ह उतरवायचं राहिल्याने गेलेले असतात. त्याला गणित येतं. शेवटच्या ओळीवरून परत वर जाऊन चिन्हं बघायची सवय नाही. आणि ‘माझ्या सिली मिस्टेक झाल्या’ म्हणणाऱ्या हुशार मुलीच्या पेपरावर ‘न’ चार वेळा निघतो, तेव्हा तिला पहिल्यांदा कळतं की अपूर्णांकांचा भागाकार तिला समजलेलाच नाही. दोघांनी ‘जास्त अभ्यास करीन’ असं लिहिलं असतं तर दोघांचाही काही फायदा नव्हता.

शेवटची दहा मिनिटं एका प्रश्नासाठी ठेवा: ‘या पेपरच्या आदल्या तीन दिवसांत तू नेमका कसा अभ्यास केलास?’ बहुतेक मुलं ‘वाचन केलं’ लिहितात. पुस्तक मिटून आठवून लिहिलं, की उघडं ठेवून परत परत वाचलं, एवढंच विचारा. मिटून आठवून बघितलेलं जास्त टिकतं, आणि मुलांना ते स्वतःच्या पेपरवरून पटतं. आपण वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

इथे एक सापळा आहे. हा तास कुणाला किती पडले यावर येऊ देऊ नका. गुण मोठ्याने वाचायचे नाहीत, पहिले तीन उभे करायचे नाहीत. एकदा तुलना सुरू झाली की मुलं पेपर झाकतात.

५. आता ध्येय: एक, लहान, तीन आठवड्यांचं

ऑगस्टमध्ये, पेपर पाहून झाल्यावर, पहिल्यांदा विचारा: ‘पुढच्या तीन आठवड्यांत तुला कुठली एक गोष्ट बदलून बघायची आहे?’

तुम्ही प्रशिक्षणात ‘स्मार्ट’ (SMART) ध्येयांबद्दल ऐकलं असेल: ध्येय नेमकं, मोजता येणारं, ठरलेल्या मुदतीतलं हवं अशा पाच कसोट्या, प्रत्येकीचं एक इंग्रजी अक्षर. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये ती पाच अक्षरं कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी मांडली होती. बारा वर्षांच्या मुलाला पाचही कसोट्या फळ्यावर लिहून दिल्या तर तो रकाने भरत बसतो. त्याला तीन प्रश्न पुरतात:

- हे माझ्या हातात आहे का? (‘पहिला नंबर’ हातात नाही, दुसऱ्यांवर अवलंबून आहे. ‘रोज एक उदाहरण पुस्तक मिटून सोडवणं’ हातात आहे.)
- केलं की नाही हे बघणाऱ्याला कळेल का?
- हे मला हवंय, की कुणीतरी सांगितलंय?

तिसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. ‘आईने सांगितलंय’ असं उत्तर आलं तर ते वाईट नाही, फक्त पुढे विचारा, ‘आणि तुला काय वाटतं?’ कधी मूल म्हणतं, मलाही तेच हवंय. कधी गप्प बसतं. गप्प बसलं तर त्या आठवड्यात ध्येय कोरं राहू द्या. पुढच्या आठवड्यात बघू. कोऱ्या पानाने काही बिघडत नाही.

ध्येय अभ्यासाचंच असलं पाहिजे असं नाही. ‘वर्गात आठवड्यातून एकदा हात वर करीन.’ ‘भांडण झाल्यावर त्याच दिवशी बोलीन.’ ‘मधल्या सुट्टीत नव्या मुलीला आमच्यात घेईन.’ ‘सूर्यनमस्कार बारा घालीन.’ ही सगळी चांगली ध्येयं आहेत. मला तर वाटतं, पहिलं ध्येय अभ्यासाबाहेरचं असलं तर मुलं जास्त मोकळी होतात.

भिंतीवर सगळ्यांच्या ध्येयांचा तक्ता लावण्याचा मोह होईल. तक्ते सुंदर दिसतात, पाहुण्यांना दाखवता येतात. लावू नका. ज्याचं राहिलं ते मूल रोज त्या तक्त्यासमोर बसतं. ज्यांना आपलं ध्येय सांगायचं आहे त्यांनी एका मित्राला सांगावं, एवढं बास.

६. ‘आडवं काय येईल?’ हे विचारल्याशिवाय पान पूर्ण होत नाही

जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनातून एक गोष्ट पुढे आली आहे: नुसतं यशाचं गोड चित्र रंगवल्याने प्रयत्न वाढत नाहीत, उलट सैल पडू शकतात. ते चित्र आणि वाटेतली अडचण, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली तर माणूस कामाला लागतो. पीटर गॉलवित्झर यांनी त्याला पुढचा भाग जोडला: अडचण आली की काय करायचं हे ‘जेव्हा अमुक, तेव्हा तमुक’ अशा एका वाक्यात आधीच ठरवून ठेवायचं.

मुलांना हे फार पटकन जमतं. वहीतली काही वाक्यं थोडी बदलून देते:

‘जेव्हा शाळेतून येऊन दप्तर ठेवीन, तेव्हा आधी दोन उदाहरणं, मग खाली खेळायला.’

‘जेव्हा दादा टीव्ही लावेल, तेव्हा मी वही घेऊन शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जाईन.’

‘जेव्हा मला राग येईल, तेव्हा आधी पाण्याची बाटली भरून आणीन.’

‘जेव्हा’ची वेळ ठरलेली हवी. ‘जेव्हा वेळ मिळेल तेव्हा’ असं लिहिलं असेल तर परत विचारा. आणि अडचण घरातली असेल, खोली एकच आहे, लाइट जाते, कुणी आजारी आहे, तर ‘जिद्द असली की सगळं जमतं’ असलं काही बोलू नका. शाळा सुटल्यावर वर्ग अर्धा तास उघडा ठेवता येईल का, जवळ वाचनालय किंवा अभ्यासिका आहे का, ते बघा. त्या वेळी मुलाची योजना बदलण्यापेक्षा आपण थोडी जागा करून देणं जास्त कामाचं असतं.

७. रोज पाच मुलांशी तीन-तीन मिनिटं

सगळ्या पायऱ्यांत ही सगळ्यांत मोलाची आहे आणि घाईत हीच गळते. पन्नासचा वर्ग असेल तर रोज पाच मुलं घेतली की दहा दिवसांत सगळ्यांशी बोलून होतं. मधल्या सुट्टीचा शेवट, चित्रकलेचा तास, शाळा सुटताना गेटपर्यंत चालणं, कुठेही. टेबलासमोर उभं करून बोलू नका. शेजारी बसा किंवा बरोबर चाला.

तीन मिनिटांत तीन गोष्टी: काय ठरवलं होतंस, कसं चाललंय, पुढचं पाऊल काय. ऐका जास्त. सल्ला द्यायचा झाला तर एकच.

मुलाला जे आधीच येतं, तिथून सुरुवात करा. आठवीतल्या एका मुलाला इंग्रजी वाचायची भयंकर भीती होती. वहीत मात्र पानंच्या पानं ढोल-ताशा पथकाच्या सरावाची. मी विचारलं, ताशाची तर्री कशी शिकलास? तो खुलून सांगायला लागला: दादा आधी तोंडाने बोल म्हणायला लावतो, मग एकदम सावकाश वाजवायचं, तेही एकच तुकडा, तो बसला की पुढचा, आणि सगळ्यांत शेवटी वेग. मी म्हटलं, बाळा, मग इंग्रजीचा एक परिच्छेद असाच बसवून बघू या का? त्याने स्वतःच ठरवलं: एका आठवड्यात चार ओळी, आधी सावकाश, तुकड्या-तुकड्याने. शिकायचं कसं हे त्याला माहीत होतं. ते इंग्रजीलाही चालेल हे कुणी त्याच्याशी बोललं नव्हतं.

असं प्रत्येक मुलाकडे काहीतरी असतं. पतंगाचा मांजा, रांगोळी, खो-खो, भाजीच्या गाडीवरचा हिशोब. तिसऱ्या पायरीतला ‘शाळेबाहेरचंही चालेल’ हा भाग त्यासाठीच आहे.

८. तीन आठवड्यांनी परत बघा

वीस मिनिटांत तीन प्रश्न: किती झालं, कशामुळे झालं किंवा अडलं, आता काय. जमलं तर थोडं पुढे न्यायचं किंवा नवं घ्यायचं. नाही जमलं तर तेच ध्येय लहान करायचं. सोडून दिलं तरी चालेल, पण सोडलं असं लिहून सोडायचं.

बक्षीस नको. चॉकलेट सुरू केलीत की ‘झालं’ असं लिहिणाऱ्यांची संख्या लगेच वाढते आणि वही खोटी होते. वर्षात अशा चार-पाच फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ आहेत.

वही शिक्षा म्हणूनही वापरू नका. ‘मारामारी केलीस ना, आता वहीत विचार करून लिही’ असं एकदा झालं की मूल त्या वहीपासून कायमचं लांब जातं. भांडणाचं बोलणं वेगळं करा.

९. पालकसभेत

पालक विचारतील, ‘याने टक्के किती वाढणार?’ त्यांच्या जागी तो प्रश्न योग्यच आहे. पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरणारे पालक तो विचारणारच. त्यांना पेपरवरची ‘न-घ-प्र-वे’ मोजणी दाखवा, अर्थात मुलाला विचारून. ‘ताई, तुमच्या मुलाचे गुण इथे इथे जातात’ असं डोळ्यांसमोर दिसलं की बोलणं रागावण्याकडून उपायाकडे वळतं.

वही मात्र दाखवायची नाही, आणि तिच्यातलं वाक्य पालकांपुढे पुरावा म्हणून वापरायचं नाही. काय दाखवायचं ते मुलाला निवडू द्या, एक पान. पालकांना घरी करण्यासारखी एकच गोष्ट सांगा: आठवड्यातून एकदा, जेवताना, ‘या आठवड्यात काय अवघड गेलं?’ असं विचारा आणि उत्तर मिळाल्यावर पाच मिनिटं काहीच सुचवू नका. आधी आईबाबांनी स्वतःचं सांगितलं तर फारच उत्तम.

१०. वहीत गंभीर काही आलं तर

घाबरू नका आणि एकट्याने चौकशी करू नका. मुलाला ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, शांतपणे ऐका, त्याच्या शब्दांत टिपून ठेवा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापक व समुपदेशकांशी बोला. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून थांबता येत नाही. १०९८ चोवीस तास चालू असतो. शिक्षकांच्या खोलीत त्या मुलाचा विषय काढायचा नाही.

११. मोठ्या स्वप्नांचं काय करायचं?

कलेक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलाला ‘आधी सातवी पास हो’ असं कधीही म्हणू नका. स्वप्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहू द्या, हवं तेव्हा बदलू द्या. आपलं काम त्या स्वप्नापर्यंत जाणारं जवळचं दार दाखवणं.

आठवीतल्या मुलांसाठी असं एक दार म्हणजे एनएमएमएस, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या, वार्षिक साडेतीन लाखांपेक्षा जास्त उत्पन्न नसलेल्या कुटुंबांतल्या मुलांना ती मिळू शकते: नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. सातवीत किमान ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट आहे. परीक्षा पुण्यातलीच महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. सातवीतच ही माहिती मिळाली तर ५५ टक्के हा आकडा मुलाला स्वतःचा वाटतो. उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, पालकांना आधीच सांगून ठेवा.

दुसरं, माणसं दाखवा. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराशिवायचे असावेत असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. पुण्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही. कसब्यातल्या तांबट आळीत ठोके मारून भांडी घडवणारे कारागीर आहेत, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचं आवार लोकांसाठी खुलं होतं, आणि वस्तीतच नर्स, पीएमपी बसचे चालक, शिंपी, इलेक्ट्रिशियन राहतात. मुलांनी प्रत्येकाला तेच विचारायचं जे आपल्या वहीत असतं: कशाला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला? कोणी मदत केली? आधी काय जमत नव्हतं? मोठ्या माणसांची उत्तरं ऐकून मुलं आपापल्या वहीकडे वेगळ्या नजरेने बघतात.

१२. वर्ष संपताना

एप्रिलमध्ये एक तास फक्त वाचनाचा. मुलांनी स्वतःची वही जुलैपासून वाचायची. मग एक पान लिहायचं: मला कसं शिकवलं की समजतं, मी कधी अडकतो, अडकल्यावर मला कशाची मदत होते. त्यातली वाक्यं मुलाच्या संमतीने वर्णनात्मक नोंदीत घ्या.

वही मुलाची आहे, ती त्याला परत द्या. शाळेत ठेवून घेऊ नका, प्रदर्शनात मांडू नका. आणि जी मुलं सातवी किंवा आठवीनंतर दुसऱ्या शाळेत जाणार आहेत, महापालिकेच्या अनेक शाळांत हे होतंच, त्यांना ‘मला कसं शिकवलं की समजतं’ या पानाची एक स्वच्छ प्रत काढायला लावा. दाखला आणि गुणपत्रकाबरोबर ती पाकिटात घाला. नव्या शाळेत पहिल्या आठवड्यात ती नव्या वर्गशिक्षकांना स्वतःच्या हाताने द्यायची की नाही, हे मुलाला ठरवू द्या.